कधीच खरी न होणारी अट

दोन विषम संख्यांची बेरीज ४७ आली असे एखाद्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले, तर चूक झाली आहे हे सांगण्यासाठी त्या दोन संख्या कोणत्या हे पाहण्याचीही गरज नसते. विषम अधिक विषम म्हणजे सम, आणि ४७ तर विषम. बेरीज न करताच आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्याचप्रमाणे ४,३८७ गुणिले २६ हा गुणाकार न करताही उत्तर सम असणार आणि एककस्थानी २ असणार, हे आपल्याला ठाऊक असते. संख्येची नेमकी किंमत बाजूला ठेवायची आणि तिचा एखादा गुणधर्म तेवढा घेऊन हिशेब करायचा, अशी ही युक्ती आहे.

संगणकाच्या आज्ञावल्या तपासतानाही हीच युक्ती वापरतात. आज्ञावली प्रत्यक्ष चालवायची नाही, नुसती वाचायची. आणि कोणत्या ओळीवर कोणत्या तऱ्हेची माहिती पोहोचू शकते याचा हिशेब मांडायचा. याला स्थिर विश्लेषण म्हणतात. हे काम करणारी हीसुद्धा एक आज्ञावलीच असते. तिला आपण या लेखात 'तपासनीस' म्हणू या.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी या संगणकभाषेसाठी असा एक तपासनीस तयार केला. कपड्याला चिकटलेले बारीक तंतू वेचून काढावेत तशा बारीकसारीक चुका तो वेचून काढी, म्हणून त्याचे नाव 'लिंट'. १९७७ साली फ्रान्समधील पॅट्रिक आणि रादिया कूझो या दांपत्याने या युक्तीला पक्का गणिती पाया दिला. २००४ साली मेरीलँड विद्यापीठातील डेव्हिड होव्हमायर आणि विल्यम प्यू यांनी जावा भाषेसाठी 'फाइंडबग्ज' हा तपासनीस लोकांपुढे मांडला. आज पायथन भाषेसाठी 'मायपाय', पीएचपी भाषेसाठी 'पीएचपीस्टॅन' असे कितीतरी तपासनीस रोजच्या वापरात आहेत.

हे तपासनीस अनेक तऱ्हेच्या तक्रारी करतात. त्यांपैकी एक तक्रार दिसायला अगदी क्षुल्लक असते: "या ओळीतली अट कधीच खरी होणार नाही." अशी तक्रार का येते आणि आल्यावर नेमके काय करावे, हे या लेखात पाहू.

प्रकार म्हणजे संच

आज्ञावलीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याला काही ना काही प्रकार असतो. ५६ ही पूर्ण संख्या, ५६.५ ही दशांश संख्या, 'सुनंदा' हा मजकूर, अनेक संख्या ओळीने ठेवल्या तर ती यादी. 'प्रकार' या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. शाळेत शिकवतो त्या संचांचाच हा भाग आहे. 'पूर्ण संख्या' हा एक संच, 'मजकूर' हा दुसरा संच. एखादी गोष्ट अमुक प्रकारची आहे असे म्हणणे म्हणजे ती त्या संचाचा घटक आहे असे म्हणणे.

आता समजा, 'क' ही गोष्ट 'मजकूर' या संचातली आहे हे तपासनिसाला कळले. पुढच्या ओळीत अट आहे: 'जर क ही पूर्ण संख्या असेल तर…'. तपासनीस दोन्ही संचांचा छेद घेतो. मजकूर आणि पूर्ण संख्या या संचांत सामाईक घटक एकही नाही. छेद हा रिक्त संच आहे. तेव्हा 'क' काहीही असो, अट खोटीच ठरणार, आणि तिच्या पोटातल्या ओळी कधीच चालणार नाहीत. हा निष्कर्ष काढायला 'क' मध्ये काय आहे हे पाहावे लागले नाही. विषम संख्यांच्या बेरजेसारखेच हे झाले.

इथे एक शंका येईल. अट कधीच खरी होणार नाही, तर बिघडले कुठे? न चालणाऱ्या ओळी पडून राहिल्या तर राहू देत! पण ती अट कोणीतरी विचार करून लिहिलेली असते. लिहिणाऱ्याच्या मनात माहितीबद्दल एक समजूत होती आणि प्रत्यक्षात माहिती दुसरीच आहे, याचा तो पुरावा असतो. शिवाय अशा अटी बहुधा पहारेकऱ्याचे काम करण्यासाठी घातलेल्या असतात. पहारेकरी दारावर दिसतो, पण त्याला कोणालाही अडवता येत नाही, अशी ती अवस्था असते.

गुणपत्रिकेचे उदाहरण

शाळेतलेच उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांचे गुण कळफलकावरून घेऊन नोंदवणारी एक छोटी आज्ञावली आहे. ती मराठीत अशी लिहिता येईल:

१. गुण = कळफलकावरून आलेले उत्तर
२. जर गुण ही पूर्ण संख्या असेल, तर
३. — ते ० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असल्यास 'चूक' असे दाखव आणि थांब
४. गुण नोंदवहीत लिही

वाचताना सारे ठीक वाटते. कोणी चुकून १३५ गुण भरले तर तिसरी ओळ ते अडवील, असे आपण समजतो. पण पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत कळफलकावरून उत्तर मागवण्याची जी साधी आज्ञा आहे, ती नेहमी मजकूरच देते. वापरणाऱ्याने १३५ असे टंकले तर संगणकाला मिळतात ती १, ३ आणि ५ ही तीन चिन्हे. एकशे पस्तीस ही संख्या नव्हे. म्हणून दुसऱ्या ओळीचे उत्तर नेहमी 'नाही'. तिसरी ओळ आजवर एकदाही चाललेली नाही, आणि १३५ गुण बिनबोभाट नोंदवहीत जातात.

मजकूर आणि संख्या यांतला हा फरक किती महागात पडतो, हे पुढच्या पायरीवर कळते. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण हवेत, आणि ही मर्यादाही मजकूर म्हणूनच वाचलेली आहे असे समजा. मजकुराची तुलना शब्दकोशाप्रमाणे होते, डावीकडच्या पहिल्या चिन्हापासून. '१००' मधले पहिले चिन्ह १; '३५' मधले ३. शब्दकोशात १ हे ३ च्या आधी येते, म्हणून '१००' हे '३५' पेक्षा लहान! पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी नापास, आणि ९ गुण मिळवणारा मुलगा पास. कारण '९' हे '३५' च्या नंतर येते. संगणकावर फायलींची यादी १, १०, ११, २, ३ अशा विचित्र क्रमाने लागलेली अनेकांनी पाहिली असेल. तिचे कारणही हेच.

या आज्ञावलीच्या दुसऱ्या ओळीबद्दल तक्रार आली, की ती ओळ खोडून टाकण्याचा मोह होतो. खोडली की तक्रार बंद होते. पण १३५ गुण पूर्वीसारखेच आत जात राहतात. फरक इतकाच की आता त्याची खूणही उरलेली नसते. खरी दुरुस्ती अशी:

१. उत्तर = कळफलकावरून आलेला मजकूर
२. जर उत्तर रिकामे असेल किंवा त्यात अंकांखेरीज काही असेल, तर 'पुन्हा लिहा' असे दाखव आणि थांब
३. गुण = उत्तराचे संख्येत रूपांतर
४. जर गुण १०० पेक्षा जास्त असतील, तर 'चूक' असे दाखव आणि थांब
५. गुण नोंदवहीत लिही

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मजकुराला 'उत्तर' आणि संख्येला 'गुण' अशी वेगळी नावे दिली. एकाच नावाखाली दोन प्रकार नांदू लागले की गोंधळ सुरू होतो. दुसरी, रूपांतर दारातच केले. बाहेरून आलेली माहिती आत शिरतानाच तपासून योग्य प्रकारात आणली, म्हणजे आतल्या प्रत्येक ओळीला पुन्हा शंका घ्यावी लागत नाही. ऋण संख्येसाठी वेगळी अट लागत नाही, कारण उणे चिन्ह हा अंक नव्हे. ते दुसऱ्या ओळीतच अडते.

दुरुस्तीनंतर १३५, −५, 'गैरहजर', रिकामी जागा, ०, १०० अशी उत्तरे मुद्दाम देऊन पाहावीत. ज्या ओळी आजवर कधीच चालल्या नव्हत्या त्या आता प्रथमच चालणार असतात, आणि त्यांच्यात स्वतःच्या चुका दडलेल्या असू शकतात. बंद खोली उघडल्यावर आधी आत डोकावून पाहावे, तसेच हे.

अट जुनी झाली, की सुरुवातीपासूनच चुकली?

अशक्य अटी नेहमी निष्काळजीपणातूनच येतात असे नाही. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच आज्ञा टंकलेल्या उत्तराचा अर्थ लावून ते परत देत असे; ५६ टंकले की ५६ ही संख्या मिळे. तेव्हा वरची अट खरी होऊ शकत होती. डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि आज्ञेचे वागणे बदलले. अटीतले एक अक्षरही न बदलता ती शक्यची अशक्य झाली! जमीन खालून सरकली, घर तिथेच राहिले.

काही अटी मात्र जन्मतःच अशक्य असतात. जावास्क्रिप्ट या भाषेत एखाद्या गोष्टीचा प्रकार विचारला, तर ठरलेल्या आठ नावांपैकीच एक उत्तर मिळते. त्यांत 'यादी' असे नाव नाहीच. यादीचा प्रकार विचारला तर 'वस्तू' असे सर्वसाधारण उत्तर येते. तेव्हा 'प्रकार यादी असेल तर' अशी अट लिहिली, की ती कायमची खोटी. इथे प्रश्नच बदलायला हवा. 'ही यादी आहे का?' असा सरळ प्रश्न विचारण्याची सोय त्या भाषेत २००९च्या प्रमाणकापासून आहे, ती वापरावी.

आणि काही अटी खरोखरच निरुपयोगी असतात. आपल्या दुरुस्त आज्ञावलीत पाचव्या ओळीच्या आधी कोणी 'गुण हा मजकूर असेल तर…' अशी अट घातली, तर ती अनावश्यक आहे, कारण तिसऱ्या ओळीने गुणांची संख्या केलेलीच आहे. अशी अट बेधडक काढून टाकावी. ती राहू दिली तर पुढच्या वाचणाऱ्याला वाटते, की गुण कधीकधी मजकूरही असू शकतात. न घडणाऱ्या गोष्टीची तो काळजी करत बसतो.

नोंद खोटी असेल तर

सर्वांत फसवा प्रकार पुढे आहे. तपासनीस आज्ञावली चालवत नाही. मग माहितीचा प्रकार त्याला कळतो कसा? बऱ्याच वेळा लिहिणाऱ्याने जाहीर केलेला असतो म्हणून. पायथनमध्ये २०१५ पासून, ३.५ या आवृत्तीपासून, 'ही संख्यांची यादी आहे' अशा नोंदी करण्याची प्रमाण पद्धत आहे. पण ती नोंद खरी आहे की नाही हे पायथन स्वतः आज्ञावली चालताना तपासत नाही. तपासनीस मात्र तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. भूमितीत 'पक्ष' दिलेला असतो तसेच हे: पक्ष मान्य करून पुढची सिद्धता.

समजा, सरासरी काढणाऱ्या आज्ञावलीत 'गुण ही संख्यांची यादी आहे' अशी नोंद आहे, आणि आत एक अट आहे: 'जागा रिकामी असेल तर ती सोडून दे'. तपासनीस म्हणतो, यादीत संख्याच आहेत असे तुम्हीच सांगितले आहे, मग जागा रिकामी कशी असेल? अट अशक्य आहे. तर्क बिनचूक आहे. पण गुणांच्या साठ्यात गैरहजर विद्यार्थ्यापुढे खरोखरच रिकामी जागा ठेवलेली असते. म्हणजे अट बरोबर आहे, खोटी आहे ती नोंद!

इथे अट काढून टाकली तर काय होईल? पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांचे गुण ६०, ७०, ८०, ९० आणि पाचवा गैरहजर. खरी सरासरी ३०० भागिले ४, म्हणजे ७५. अट काढल्यावर पायथनमध्ये बेरीज करतानाच आज्ञावली बंद पडेल. जावास्क्रिप्टमध्ये मात्र बेरजेत रिकामी जागा शून्य धरली जाते. ३०० भागिले ५, सरासरी ६०. आज्ञावली बंद पडली तर निदान कळते तरी. ६० हा आकडा निमूटपणे छापला जातो. शून्य गुण आणि गैरहजर यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

इथली दुरुस्ती नोंदीत करायची: 'गुण ही अशी यादी आहे, की तिच्यात प्रत्येक जागी संख्या असेल किंवा जागा रिकामी असेल'. एवढे केले की अट शक्य होते आणि तक्रार आपोआप जाते. शिवाय आता तपासनीस अधिक उपयोगी पडतो. जिथे जिथे रिकाम्या जागेचा विचार करायचा राहून गेला आहे, त्या सगळ्या ओळी तो दाखवून देतो.

तेव्हा तक्रार आली की क्रम असा ठेवावा. आधी माहिती जिथून येते तिथपर्यंत मागे जावे आणि प्रत्यक्षात काय येते ते पाहावे. मग ते नोंदीशी जुळते का हे पाहावे. जुळत नसेल, तर नोंद सुधारावी. जुळत असेल, तर ही अट कशापासून रक्षण करण्यासाठी लिहिली होती, असे विचारावे. ते रक्षण अजून हवे असेल, तर अट योग्य रीतीने लिहावी. ते रक्षण दुसरीकडे झालेले असेल, तरच अट काढावी. तपासनिसाला 'या ओळीकडे दुर्लक्ष कर' असे सांगण्याचीही सोय असते. ती अगदी शेवटी, आणि कारण शेजारी लिहून ठेवूनच वापरावी.

'अशक्य' कोणत्या गृहीतावर?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी तो एकाएकी मार्ग सोडून वळला आणि फुटून नष्ट झाला. चौकशीत कारण सापडले ते दिशा आणि वेग सांगणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत. ६४ द्विमान अंकांत साठवलेली एक दशांश संख्या १६ अंकांच्या पूर्ण संख्येत बदलली जात होती. १६ अंकांत −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात. आलेली संख्या त्याहून मोठी होती. संगणक थांबला, आणि जोडीला ठेवलेला राखीव संगणकही, तीच आज्ञावली असल्यामुळे, त्याच कारणाने थांबला.

हे रूपांतर धोक्याचे ठरू शकते, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांना माहीत होते. अशी सात रूपांतरे त्यांनी हेरली होती. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले. उरलेल्या तिघांतल्या संख्या एवढ्या मोठ्या होऊच शकत नाहीत, असा हिशेब होता. आणि तो हिशेब चूक नव्हता. फक्त तो एरियान-४ या आधीच्या अग्निबाणाचा होता. एरियान-५चा आडव्या दिशेचा वेग सुरुवातीच्या काळात कितीतरी जास्त असतो. आज्ञावली तीच राहिली, तिच्याखालचे गृहीत बदलले.

ही अट प्रकाराची नव्हती, संख्येच्या आकाराची होती. पण 'अशक्य' हा शब्द नेहमी कोणत्या ना कोणत्या गृहीतावर उभा असतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

तपासनिसाच्या मर्यादा

तपासनीस गप्प बसला म्हणजे आज्ञावली निर्दोष, असेही समजू नये. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले, की कोणतीही आज्ञावली थांबेल की चालतच राहील हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणून प्रत्येक तपासनिसाला कुठेतरी तडजोड करावी लागते: काही वेळा विनाकारण तक्रार करायची, किंवा काही चुका सोडून द्यायच्या, किंवा हताशपणे 'सांगता येत नाही' म्हणायचे.

शिवाय त्याला प्रकार दिसतो, अर्थ दिसत नाही. मोजमापांच्या फायलींत, जिथे निरीक्षण मिळाले नाही तिथे −९९९ लिहिण्याची चाल आम्हा संशोधकांत फार जुनी आहे. तापमान −९९९ अंश असू शकत नाही, हे आपल्याला कळते. पण −९९९ ही अस्सल संख्या आहे. तपासनीस तिला सुखाने जाऊ देतो. तिथे आपली अट आपणच लिहायला हवी.

वर्गात करून पाहा

या खेळाला संगणक लागत नाही. प्रत्येक वेळी एक नोंद आणि एक अट फळ्यावर लिहावी. ही अट कधी खरी होऊ शकते का, आणि होत नसेल तर सुधारायचे काय, नोंद की अट, असे दोन प्रश्न विचारावेत.

१. नोंद: 'न' हा एका पूर्ण संख्येचा वर्ग आहे. अट: 'न' च्या एककस्थानी ७ आहे.
२. नोंद: हजेरीच्या रकान्यात 'ह' किंवा 'ग' यांपैकी एकच अक्षर असते. अट: रकान्यात 'रजा' असे लिहिले आहे.
३. नोंद: लांबी ही कोणतीही संख्या आहे. अट: लांबी ऋण आहे.

पहिली अट अशक्य आहे. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात, हे मुलांनी स्वतः करून पाहावे. तिसरी अट नोंदीप्रमाणे शक्य आहे, पण अर्थाने अशक्य. तिथे नोंदच नेमकी करायला हवी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र फळ्यावर मिळणार नाही. त्यासाठी मुलांना शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहू द्यावे, की आपले शिक्षक त्यात खरोखर काय काय लिहितात.